पापणीचा केस

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज प्रयोगशाळा उघडली. माश्या जिवंत आहेत. सुट्टीतही मी मधूनमधून येऊन पाहून जात होतो, तरी कुलूप काढून आधी कुप्यांकडेच गेलो.

कामाची नोंद ठेवायला शुभांगी मॅडमनी वेगळी वही दिली आहे. तिच्यात माश्यांचे लिहितो. इथे माझे लिहीन. बारावी विज्ञानात नापास झालेल्या मुलाला मॅडमनी साकोलीच्या कॉलेजात कामाला ठेवले ते अक्षर पाहून. तसे त्यांनी स्वतःच सांगितले. मग एकदा म्हणाल्या, "भुपेंद्र, तुझ्या लेबलवर तारीख चुकत नाही. मला तेवढंच हवं." तेव्हापासून मला तारीख चुकण्याची भीती वाटते.

काम असे आहे. केळ्यांवर घोंगावतात त्या बारीक फळमाश्या काचेच्या कुप्यांत वाढवायच्या. त्यांच्यासाठी मक्याचे पीठ, गूळ, यीस्ट शिजवून खाणे तयार करायचे. जुन्या कुपीतल्या माश्या नव्या कुपीत पलटवायच्या आणि तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. दुपारी संगणकावर बसायचे. माशीच्या अळीच्या कातडीखाली मज्जापेशी असतात, त्यांचे फोटो नागपूरहून येतात. प्रत्येक पेशीला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. मी माउसने एकेक फांदी तिच्या टोकापर्यंत गिरवतो.

आज मॅडमनी समजावून सांगितले. वाढता वाढता एका पेशीची फांदी शेजारच्या पेशीच्या फांदीजवळ आली की थांबते किंवा वळते. एकमेकींवर चढत नाहीत, आणि मध्ये जागाही सोडत नाहीत. अळीच्या कातडीचा प्रत्येक ठिपका कोणत्या ना कोणत्या पेशीच्या ताब्यात असतो. म्हणून कुठेही हात लावा, अळीला कळते.

कामिनी एम.एस्सी.ला आहे, भंडाऱ्याची. ती म्हणाली, "म्हणजे अळ्याईत शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण नाही म्हणा. आमच्या मामाच्या गावात धुरा कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात जाऊन राहिले."

मला तलावाच्या पाटाचे पाणी आठवले. पाट फुटत फुटत धानाच्या प्रत्येक बांधीत जातो, एकही बांधी कोरडी राहत नाही. मी हे बोललो नाही. ती हसली असती.

८ नोव्हेंबर, शनिवार

आता अळ्यांच्या दोन चाचण्या सुरू झाल्या. पहिली हलक्या स्पर्शाची. त्यासाठी पापणीचा केस लागतो. काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवायचा आणि अळीच्या अंगावरून फिरवायचा. अळी थबकते, डोके वळवते. जगात सगळीकडे असेच करतात म्हणे. केस कामिनीने दिला. डोळ्यात पाणी आले तिच्या.

"सांभाळून वापरजो. हरवला त दुसरा भेटणार नाही. माझं लग्न व्हायचं आहे अजून."

मी तो केस डबीत ठेवतो. डबीवर लेबल लावले.

दुसरी चाचणी गरम सुईची. सुई टेकली की अळी गोल गोल लोळत दूर जाते, गोधडीत गुंडाळल्यासारखी. बावीस नंबरच्या कुपीतल्या अळ्या मात्र लोळत नाहीत. फोटोत पाहिले तर त्यांच्या फांद्या सुरुवातीला इतरांसारख्याच नीट पसरतात. मग अळी मोठी होत जाते तशा त्या मागे सरकतात. मध्ये मध्ये कातडी उघडी पडते. तिथे कोणीच नसते.

ती अळी खाते, पिते, चालते. तिला वेगळे काही वाटत नसावे. सुई बाजूला घेईपर्यंत ती तिथेच पडून असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

माश्यांचे खाणे ढवळताना तापलेल्या गंजाची, म्हणजे पातेल्याची, कड डाव्या हाताला कोपराखाली लागली. वासावरून कळले. केस जळाल्याचा वास आला म्हणून पाहिले तर हात गंजाला टेकलेला. लक्ष ढवळण्यात होते. तळाशी लागू द्यायचे नसते.

संध्याकाळी फोड आला. तिथे आधीपासून एक फिकट डाग आहे, चिंचोक्यापेक्षा मोठा. उन्हाळ्यापासून आहे. घामाने अंगावर उठतो तो सुरमा असेल म्हणून मी खोबरेल तेल लावतो.

जेवताना बाबांनी माझा हात ओढून दिव्याखाली धरला. फोडाकडे नाही, डागाकडे पाहत राहिले. मग हात सोडला आणि ताटावरून उठले.

"काय झालं अजी?" माय म्हणाली.

"भूक नाही."

बाबांना माझा निष्काळजीपणा आवडत नाही. त्यांची स्वतःची उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मळणीयंत्रात गेले, तेव्हापासून ती आत वळलेली आहेत. तरी चुलीवरचा गंज ते उघड्या हातांनी उतरवतात. लहानपणी मी शाळेत सांगायचो की माझ्या बाबांना चटका लागत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उषाकाकू घरी आल्या होत्या. त्या आमच्या गावच्या आशाताई. सोमवारपासून घरोघर कुष्ठरोग शोधमोहीम आहे. बायकांची तपासणी त्या करणार, पुरुषांची तपासणी करायला सोबत पुरुष लागतो.

"रत्नाबाई, पोरगा देता काय दोन आठवडे? माहा भाचा धान कापाले गेला. मानसाईले शर्ट काढा म्हणाले मी कोठी जाऊ?"

माय खुश झाली. "ने ना. सरकारी काम हाय, चार लोकाईत ओळख होते."

बाबा ओसरीवर दोरी वळत होते. "लोकाईचे आंग पाहत फिरणं बरं काम नाही," म्हणाले.

"तुमी आपली दोरी वळा," उषाकाकू म्हणाल्या.

मी सकाळी आणि संध्याकाळी जाणार, दिवसा साकोली. मॅडमनी फोनवर हो म्हटले. "चांगलं आहे. तेही मज्जातंतूंचंच काम आहे," म्हणाल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणी अशी करायची. उजेडात उभे करायचे. फिकट किंवा लालसर डाग दिसला तर डोळे मिटायला सांगायचे. पेनचे टोक हलकेच टेकवायचे आणि म्हणायचे, जिथे लागले तिथे बोट ठेवा. डागावर बोट ठेवता आले नाही, तर त्या माणसाला दवाखान्यात पाठवायचे. घर पूर्ण झाले की दाराशेजारी भिंतीवर खडूने खूण करायची.

शाळेत 'कुष्ठ' शब्दातला ष्ठ मी फळ्यावर लिहून दाखवायचो. बाकी वर्ग 'ष्ट' लिहायचा.

वासुदेवराव गुरुजींनी अंगणात बंडी काढली आणि पाठ केली. "पाह्य बरोबर. बुढीनं मारलेले वळ दिसले त तेही लिवजो."

आतून गुरुजींच्या बायकोचा आवाज आला. "मारलं असतं त एवढा बोलला असता काय हा?"

हसण्यात काम होऊन जाते. माझा हात स्थिर आहे असे उषाकाकू म्हणाल्या. पापणीचा केस धरायची सवय आहे म्हणून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल तलावाच्या पाळीजवळच्या आनंदाबाईंच्या पाठीवर डाग सापडला. उषाकाकूंनी तिला गुपचूप दवाखान्यात नेले. कोणाला काही सांगितले नाही. तरी आज सकाळी तिच्या जावेने तिच्याकडचे दूध परत पाठवले, आणि नळावर तिचा हंडा ओळीतून बाजूला काढून ठेवलेला होता. कोणी काढला ते कोणी बोलत नव्हते. आनंदाबाईने हंडा उचलला आणि रिकामाच घरी नेला.

"गोळ्या घेतल्या का दुसऱ्याले लागत नाही," उषाकाकू नळावरच्या बायकांना सांगत होत्या. "मीच त्या हंड्यातलं पाणी पेतो पाहा."

बायका ऐकत होत्या. मान हलवत होत्या. हंड्यांची ओळ मात्र तशीच राहिली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज आमच्या आळीची पाळी. मायला उषाकाकूंनी आत तपासले. मी बाबांना म्हटले, शर्ट काढा.

बाबा म्हणाले, "बापाचे कपडे उतरवशील काय?"

"सगळ्याईचे पाहतो, बाबा. वासुदेवराव गुरुजींचेसुद्धा."

"ते गुरुजी हाय. त्याईले लाज नाही."

मी पेन घेऊन उभा राहिलो. बाबा गोठ्याकडे निघून गेले. आतून बाहेर येत उषाकाकू हसल्या. "भैय्यालालभाऊ, पोराले लाजता काय?"

माय बाहेर आली, घाईने. "त्याईचं झालं. चांगले हायत ते. कर खूण."

"अन तुह्यं रे बाबू?" उषाकाकूंनी विचारले.

"मीच तर तपासणारा," मी म्हटले. त्या पुन्हा हसल्या आणि खडू माझ्या हातात दिला. मी भिंतीवर खूण केली. सरळ आली. पुढच्या घरी गेलो.

खरे तर बाबांनी शर्ट काढलाच पाहिजे असे काय होते, असे नंतर वाटले. बाबा आधीपासूनच असे. मी लहान असताना दर महिन्याला एकटेच पवनीला जायचे, वैनगंगेवर आंघोळ आणि देवदर्शन. मला एकदाही नेले नाही. येताना माझ्यासाठी फुटाणे आणायचे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

संगणकावर फांद्या गिरवत होतो. बाही वर केली होती. एकदम कामिनी म्हणाली, "काय बे, तू काय बावीस नंबरचा आहेस काय?"

मी वळून पाहिले. ती मागे उभी होती, पापणीची काडी हातात. माझ्या डाव्या हातावर फिरवून झाली होती म्हणे, कितीतरी वेळ. "मले वाटलं दचकशील. तू त ढिम्म."

"कामात होतो," मी म्हटले.

"हो ना, मोठा शास्त्रज्ञ."

ती गेल्यावर बाही खाली केली. पापणीचा केस अळीसाठी असतो. माणसाची कातडी जाड. उजव्या हातावर फिरवून पाहिला. सगळीकडे कळला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

स्वतःची चाचणी करता येत नाही. डोळे मिटून डागावर पेन टेकवले, पण पेन धरणाऱ्या हाताला ठाऊक असते कुठे टेकवले ते. तो हात सांगतो आणि मला वाटते की कळले. गोठ्यात जाऊन, मोरीत जाऊन करून पाहिले. दर वेळी कळल्यासारखे होते.

कोणाला तरी सांगावे लागेल. आणि ज्याला सांगेन त्याला कळेल.

डागाच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवली आहे. आंघोळीने फिकी होते, पुन्हा मारतो. डाग रेघेच्या बाहेर यायला नको.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमना विचारले, बावीस नंबरच्या अळीच्या फांद्या मागे सरकल्या, त्या पुन्हा येतात का? प्रश्न मी आधी कागदावर लिहून पाहिला होता, साधा वाटावा म्हणून.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना प्रश्न आवडला की त्या चष्मा काढतात. "अगदी लहान अळीत एक पेशी मारून टाकली ना, तर शेजारच्या पेशींच्या फांद्या त्या मोकळ्या जागेत वाढतात. जागा भरते. पण उशीर झाला, अळी मोठी झाली, की फारशा येत नाहीत. जागा तशीच राहते. हे माशीचं झालं हं. माणसाला जसंच्या तसं लावायचं नाही."

"उशीर म्हणजे किती?"

"का रे? तुला पुन्हा बारावीला बसायचं आहे का?"

मी हसलो. दिवसभर 'उशीर' एवढाच शब्द डोक्यात होता. उन्हाळ्यापासून म्हणजे उशीर का.

१ डिसेंबर, सोमवार

मोहीम संपत आली. गावातल्या पुरुषांच्या पाठी, दंड, पोटऱ्या मी पाहिल्या. माझी पाठ कोणी पाहिली नाही. येता-जाता आमच्या दाराशेजारची ती खूण दिसते. खडू चांगला होता, पुसट होत नाही.

दवाखान्यात गेलो तर नाव लागेल. नाव लागले की घरच्यांना गोळी द्यायला लोक येतात, शेजाऱ्यांनाही देतात. उषाकाकूंनीच सांगितले होते. मग नळावरचा हंडा मायचा असेल. आणि प्रयोगशाळेत माझे हात सगळ्याला लागतात. गंज, कुप्या, बोळे, कामिनीची काडी. मॅडम मला एक दिवस तरी ठेवतील का.

नाही गेलो तर डाग रेघेबाहेर येईल. आला आहे. कोपराच्या बाजूने.

आज कुप्या पलटवताना एका कुपीचा बोळा निघाला नव्हता आणि मी ती आपटत राहिलो. माश्या काचेवर चढत होत्या, बोळ्याला डोके लावून खाली येत होत्या, पुन्हा चढत होत्या. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. मग बोळा काढला.

५ डिसेंबर, शुक्रवार

डाव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटाला नीट चिकटत नाही. थंडी असेल. सकाळी धुक्यात सायकलवरून मोटरस्टँडपर्यंत जातो.

बाबा रोज माझ्या बाहीकडे पाहतात. मी रोज बाही खाली ठेवतो. आम्ही धानाच्या भावावर बोलतो.

माय आज म्हणाली, "दोघं बाप-लेक असे काहून बसता, मुके बैल?"

९ डिसेंबर, मंगळवार

बावीस नंबरची कुपी हातातून सुटली. डाव्या हातात होती. धरली आहे असे मला वाटत होते. फरशीवर फुटली आणि माश्या उडाल्या. काही खिडकीला लागल्या, काही दिव्याकडे गेल्या.

कामिनीने पटकन दार लावले. "अरे बाप्पा. आता ह्या दुसऱ्या कुप्याईतल्या माश्याईत मिसळल्या त यायच्या लग्नात कोण कोणाच्या घरी गेलं कसं कळणार?" मग तिने माझे तोंड पाहिले. "दुसरी कुपी आहे ना रे. बावीसची एक जादा ठेवतोच आपण."

ते मला ठाऊक होते. लेबल मीच लावले आहे. तरी मी खाली बसून काचा वेचत राहिलो. डाव्या हाताने वेचत होतो. फरशीवर रक्ताचे थेंब पडले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "भुपेंद्र, थांब. हात बघू."

"थंडीने सुटली."

"कुपीचं नाही विचारत. करंगळी कापली आहे तुझी. तुला दुखत नाही?"

मी हात मागे घेतला. मॅडमनी कामिनीला पट्टी आणायला पाठवले. दार ओढून घेतले. मग स्टूल पुढे केले.

"बाही वर कर."

मी केली. पेनची रेघ होती. रेघेबाहेर डाग होता. मॅडम रेघेवर वाकल्या. नंतर म्हणाल्या, "ही रेघ तू मारलीस?"

"हो."

"फांद्या गिरवतोस तशीच मारली आहेस." त्यांचा आवाज थोडा वेगळा झाला होता. "डोळे मिट. जिथे लागेल तिथे बोट ठेव."

मी डोळे मिटले. कितीतरी घरांत हे वाक्य मी म्हटले होते. दंडावर टोक लागले, मी बोट ठेवले. मनगटाजवळ लागले, ठेवले. मग मी वाट पाहिली. बाहेर कोणी तरी सायकल स्टँडवर लावत होते. ट्यूबलाइटजवळ माश्या भिणभिणत होत्या. मॅडम डागाजवळ यायला घाबरत असतील असे मला वाटले. घाबरणारच.

"लावा आता," मी म्हटले.

मी बोट उचलून तयार ठेवले.

"मॅडम, लावा. मी तयार आहे."

"भुपेंद्र, लावून झालं."

डोळे उघडले तर पेनचे टोक डागाच्या मधोमध होते. शाईचे ठिपकेही होते. पाहिल्यावरही तिथे काही जाणवत नव्हते.

कामिनी पट्टी घेऊन आली. मॅडमनी पट्टी स्वतः बांधली. उघड्या हातांनी, हातमोजे बाजूलाच पडले होते.

"मी डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जा. उषाबाईंना सोबत घे. आणि गुरुवारी माश्या पलटवायच्या आहेत. येशील ना?"

मी हो म्हटले.

१० डिसेंबर, बुधवार

मला कुष्ठरोग आहे. ष्ठ बरोबर लिहिला आहे.

डॉक्टरांनी कोपरामागची नस बोटाने चाचपली. जाड झाली आहे म्हणाले. त्यांनी माझी करंगळी पकडून सांगितले, जोर लाव. जोर लागतो आहे, थोडा कमी. "लवकर आलास म्हणायचं. बोट वळायच्या आत आलास. गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि करंगळीचा व्यायाम करायचा." डाग पुन्हा कळायला लागेल का, ते त्यांनी सांगितले नाही. मी तीनदा विचारले.

पहिल्या गोळ्या त्यांच्या समोरच घेतल्या. लघवी लाल होईल, घाबरायचे नाही, असे सांगितले. झाली. तरी घाबरलो.

येताना बसमध्ये उषाकाकू माझ्याशेजारी बसल्या, खांद्याला खांदा लावून. जागा रिकाम्या होत्या.

"त्या दिवशी तुह्या हाती खडू देला मी," म्हणाल्या. "मीच हासली."

"मीच खूण केली, काकू."

"रविवारी येतो घरी. तुह्या मायले, बाबाले पाहा लागल. मोहिमेत सुटलेले पाहाले म्हणून येतो, कोणाले संशय नाही येणार. गावाले मी सांगत नाही. पण घरी तुले सांगा लागल, बाबू."

आज नाही सांगितले. गोळ्यांचे पाकीट धानाच्या कोठीमागे ठेवले आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल माश्या पलटवल्या. कामिनीने पापणीची काडी नेहमीसारखी माझ्यापुढे ठेवली. मी घेतली नाही. तिला मॅडमनी सांगितले असावे, किंवा तिने स्वतःच ओळखले असावे.

"घे ना," ती म्हणाली. "माझ्या हाताले कंप आहे. अळ्या हसतेत मले."

मी घेतली.

१३ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी बाबा कोठीमागून पाकीट घेऊन बाहेर आले. मी ओसरीवर होतो, माय चुलीपाशी. मला वाटले, आता सगळे संपले. बाबांनी पाकीट उलटेसुलटे केले. वाचत नव्हते. ओळखीची वस्तू पाहावी तसे पाहत होते.

"हे असंच पाकीट," म्हणाले. "लाल गोळी अजून तशीच हाय."

मला काही समजले नाही.

"मी पवनीले देवाले नव्हतो जात. तेथच्या दवाखान्यात गोळ्या भेटत. साकोलीत सगळे वळखीचे. तू बालवाडीत होता." वळलेली बोटे त्यांनी दुसऱ्या हाताने झाकली. "गोळ्या पुऱ्या केल्या. पण गेलो उशिरा. बोटं वळल्यावर गेलो."

"आणि मळणीयंत्र?"

माय चुलीकडे पाहतच म्हणाली, "आपल्या घरी मळणीयंत्र कधी होतं रे?"

नव्हते. कधीच नव्हते. हे मला ठाऊक होते.

"सांगतलं असतं त शाळेत तुह्याजवळ कोणी बसलं असतं काय?" बाबा म्हणाले. "मंग त्या दिवशी तुह्या हातावर पाह्यलं. वाटलं, मी नाही पाह्यलं त ते नसंल."

त्यांनी पाकीट माझ्या हातात दिले. "आजची घेतली?"

"जेवून घ्यायची आहे."

"मंग जेव."

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी दाराशेजारची खूण मी ओल्या फडक्याने पुसली. पुसायला वेळ लागला.

उषाकाकू आल्या. मायला आत नेऊन तपासले. काही नाही. बाहेर येऊन त्यांनी बाबांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मानसाईचं बाबूकडे हाय," म्हणाल्या आणि अंगणात पाठ करून उभ्या राहिल्या.

बाबा उजेडात येऊन बसले. न सांगता शर्ट काढला. त्यांची पाठ मी पहिल्यांदा पाहिली. स्वच्छ होती. पोटऱ्याही स्वच्छ होत्या. मग त्यांनी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले.

मी खांद्याला पेन टेकवले. त्यांनी बरोबर तिथे बोट ठेवले. दंडाला टेकवले. "हे," म्हणाले. कोपराखाली सरकलो. मग हाताच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी, पेन टेकवले.

बाबा थांबून राहिले. चेहरा शांत होता, कान टवकारल्यासारखा. तलावाच्या पाळीकडून कोणाच्या तरी बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. मी पेन उचलले नाही. थोडे दाबले. त्यांच्या कातडीत टोकाचा खळगा पडला.

"काहून थांबला?" डोळे मिटूनच ते म्हणाले. "कर ना सुरू."

मी पेन खाली ठेवले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जिथे त्यांना कळते तिथे. डावा हात ठेवला. त्यांनी आपले बोट आणून त्यावर ठेवले.